आधी रेघ, मग अक्षर

त्या दिवसांत आमच्या घरी लोक आपापलं अक्षर घेऊन यायचे. कुणी मुलाच्या वहीचं पान फाडून आणायचं, कुणी सासऱ्याचं पत्र, कुणी तर रेशनच्या दुकानदाराने लिहिलेली पाटी पाठ करून येऊन बोटाने हवेत गिरवून दाखवायचं. मी ओट्यावर पाय खाली सोडून बसलेली असे. मांडीवर पिवळ्या कव्हराचं पुस्तक आणि तोंडावर असा भाव, जणू बालाघाटातल्या सगळ्या माणसांची आतडी मला बाहेरून दिसतात. वय सतरा. ज्ञान एकशे चाळीस पानांचं, तेही बसस्टँडवरच्या टपरीतून आणलेलं. उजवीकडे झुकणारं अक्षर म्हणजे माणूस मायाळू, डावीकडे झुकणारं म्हणजे मनात गाठ ठेवणारा, खाली घसरत जाणारी ओळ म्हणजे खचलेला जीव, कागदाच्या मागे उमटेल एवढा दाब म्हणजे राग. पुस्तकाची शेवटची आठ-दहा पानं फाटलेली होती. त्यांत बहुतेक लिहिलेलं असावं की वरचं काही खरं मानू नका.

सगळ्यात मोठे भक्त आमचे बाबूजी. सरकारी कचेरीत ते बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क होते. जेवायला घरी आले की खिशातून एखाद्या सहकाऱ्याच्या हातची चिठ्ठी काढायचे आणि म्हणायचे, "शकू, हा कसा आहे ते सांग." मी डोळे बारीक करून सांगायची, "वरून गोड, आतून कडू. साहेबापुढे वेगळा, मागे वेगळा." बाबूजी मांडीवर थाप मारायचे. "बराबर! बिलकुल बराबर!" आता मला कळतं की कुठल्याही कचेरीतल्या कुठल्याही माणसाबद्दल हे म्हटलं तरी चाललं असतं. पण तेव्हा ती थाप ऐकली की मला माझ्या वेणीचंसुद्धा कौतुक वाटायचं.

आई या सगळ्यात नसायची. ती आत असायची. आमच्या मागच्या अंगाला धानाची मिल होती, दिवसभर तिची धडधड चालायची आणि तिचा कोंडा उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचा. आई दर तासाला जाऊन कपडे झटकून यायची. छोट्या लाईनच्या गाडीने शिट्टी दिली की भाताचं आधण ठेवायची. चिन्नोर तांदळाचा भात शिजायला लागला की त्याचा वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि लाखोळीच्या डाळीचं वरण त्याच्यामागून हळूहळू निघायचं. आई बोलायची कमी. शाळेत ती गेलेली नव्हती. तिला फक्त सही येते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबूजींनीच लग्नानंतर शिकवली होती, आणि ते चारचौघांत सांगायचेही.

माझी थोरली बहीण पमाताई तेव्हा एकोणीस-वीसची. तिचं लग्न लांजीच्या एका घरात ठरलं होतं. धानाची मोठी शेती, दोन भाऊ, ताईला पाहायला आलेला धाकटा. तुळशीचं लग्न झालं की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा करायचा, असा शब्द बाबूजींनी दिला होता. आईने दिवाळीच्या आधीच अनरशांचं पीठ जास्तीचं करून ठेवलं होतं, म्हणून मला वाटायचं की तीही खुशीत आहे. माणसाच्या मनातलं ओळखण्याचं माझं कसब इतपत होतं.

एका बुधवारी भर दुपारी मुलाचे वडील न कळवता आले. पांढरी टोपी, लांब कोट, पायांवर लांजीच्या रस्त्याची लाल धूळ. आईने चहा पाठवला, तो त्यांनी बाजूला सरकवला.

"बाबूसाहेब, हे आधी वाचा. चहा मंग."

त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं. बाबूजींनी वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले. माझे काका, बाबूजींचे धाकटे भाऊ, शेजारी बसले होते. त्यांनी मान लांब करून वाचलं आणि एक शिवी दिली. निनावी पत्र होतं. आमच्या आईचं डोकं ठिकाणावर नाही, असं त्यात लिहिलं होतं. पाकिटावर शिक्का बालाघाटचाच.

"हे साफ खोटं आहे," बाबूजी म्हणाले.

"असन खोटं. मी कुठं नाई म्हणतो? पण बुडाशी आग असल्याबिगर कोणी चूल म्हणत नाई," पाहुणे उठत म्हणाले. "रईवारी येतो मी, चार लोकाईले घेऊन. ज्यानं लिहलं त्याचं तोंड दाखवा. नाई तं साक्षगंधाचं राहू द्या."

ते गेले. चहावर साय धरली. बाबूजींनी हाक मारली, "शकू!" आणि ते पत्र माझ्या हातात दिलं. मला काय वाटलं ते लिहायला आज लाज वाटते: मला आनंद झाला. इतके दिवस किराणावाल्याच्या पाट्या वाचल्या, आता खरं काम आलं होतं.

मी कागद उजेडात धरला, पालथा केला, बोटांनी चाचपला. दाब भारी, म्हणजे राग. ओळ खाली चाललेली, म्हणजे अपयश. आणि सगळ्यात मोठा पुरावा डोक्यावरच्या रेघेचा. शब्द संपला तरी रेघ संपत नव्हती, पुढे उघडीच जात होती. पुस्तकात मी कुठेतरी वाचलं होतं (किंवा वाचलं नव्हतं आणि त्या क्षणी सुचलं) की ज्याची रेघ शब्दाबाहेर जाते तो आपल्या हक्काबाहेरचं मागतो. मी म्हटलं, "पुरुष आहे. तरुण. एकटा राहतो. मनात कोणाबद्दल तरी इच्छा होती, ते जमलं नाही."

काकांनी दोन्ही हात एकमेकांवर आपटले. "वाघाडे मास्तर!"

वाघाडे मास्तर समोरच्या घरात एक खोली घेऊन राहायचे. प्राथमिक शाळेत शिकवायचे, नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, लग्न झालेलं नव्हतं. त्यांचा गुन्हा एवढाच की त्या दिवाळीत त्यांनी पमाताईला एक दिवाळी अंक वाचायला दिला होता. तो अंक ताईआधी मीच वाचून काढला होता, पण ते मी सांगितलं नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर बाबूजींनी त्यांना बोलावलं. कोरा कागद आणि टाक पुढे ठेवला. "मास्तर, जरा चार ओळी लिहून द्या."

"काय लिहू बाबूजी?"

"काहीही."

मास्तरांना काही सुचेना. शेवटी त्यांनी फळ्यावर लिहितात तसं लिहिलं: आज गुरुवार. वर्गात बेचाळीस मुले हजर. मग माझ्याकडे पाहून हसले. "माझा स्वभाव सांगणार काय शकूताई? चांगलाच सांगा बरं, माझ्या आईले पाठवतो." कुणी हसलं नाही. त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

अक्षर गोल, टपोरं, सरळ. शब्द लिहून झाला की वरून एका झटक्यात रेघ, नेमकी शब्दाएवढी. पत्रातल्या अक्षराशी त्याचं काही नातं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मला दिसलं. पण बाबूजी माझ्याकडे पाहत होते, काका पाहत होते, आणि मी त्या क्षणी "नाही, हे नव्हेत" म्हटलं असतं तर ओट्यावरचं माझं दुकान बंद झालं असतं. मी म्हटलं, "वळण मुद्दाम बदललं आहे."

या वाक्यातून कोण सुटणार? अक्षर जुळलं तर गुन्हेगार, नाही जुळलं तर पक्का गुन्हेगार. माझी नात नागपुरात शिकते. ती परवा सांगत होती की आता मोबाईलमध्ये फोटो टाकला की अक्षरावरून स्वभाव येतो. तिने माझ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या. मी डाव्या हाताने लिहून दिल्या. उत्तर आलं, 'आपल्यात नेतृत्वगुण आहेत.' मी तिला म्हटलं, होते बाई, आणि त्यापायी एका माणसाचं वाटोळं व्हायची वेळ आली होती.

मास्तर गेल्यावर काका म्हणाले, "रईवारी याले पाहुण्याईसमोर उभा करतो. तिथंच कबूल करवतो. मंग याच्या साहेबाकडे अर्ज. पाहू नोकरी कशी राहते ते." अर्जाचा कच्चा मसुदा बाबूजींनी त्याच संध्याकाळी केला.

शनिवारी दुपारी मी मुर्रा, म्हणजे चुरमुरे खायला म्हणून सैपाकघरात गेले. दोन दिवसांत मला नीट जेवण गेलं नव्हतं, आणि त्याचं कारण मी स्वतःला सांगत नव्हते. आई खाली बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी फळीवरचे डबे सरकवले. डब्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, कितीतरी वर्षांपासून, आणि त्या पमाताईने लिहिल्या असतील असं मी धरून चालले होते. 'मूग' या दोन अक्षरांवर एवढी लांब रेघ होती की तिच्याखाली आणखी एक शब्द मावला असता. शेजारच्या डब्यावर 'मोहरी'. तिथे रेघ कमी पडली होती, आणि 'री' बिचारी उघड्यावर पडली होती. म्हणजे जिने लिहिलं तिने आधी रेघ ओढली होती, दोरी बांधतात तशी, आणि मग एकेक अक्षर तिच्यावर वाळत घातलं होतं.

मी 'मूग'चा डबा खाली उतरवला.

"आई, हे कोणं लिहलं?"

"म्या."

"तुले लिहता येते?"

"डब्यापुरतं." तिने मान वर केली नाही. सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

मी धावत जाऊन पुस्तकात ठेवलेलं ते पत्र आणलं आणि डब्याशेजारी धरलं. आणि मग मी ती गोष्ट केली जी तीन दिवसांत केली नव्हती. मी ते पत्र वाचलं. अक्षर नव्हे, पत्र. त्यात लिहिलं होतं: 'तुम्ही पाहिली ती मुलगी चांगली आहे. सैपाक येते. मोठ्याले उलटून बोलत नाही. तिच्यात काही खोट नाही. पण तिच्या आईचे डोके ठिकाणावर नाही. ती पोरीच्या सासरी येऊन राहील आणि तमाशा करील. विचार करा.' कुठला दुष्ट माणूस, कुठला जळका प्रेमी, मुलीची एवढी तारीफ करून सगळी घाण एकट्या आईच्या अंगावर ओततो? आईच्या वेडाची ओळ घट्ट होती, एकही अक्षर हललेलं नव्हतं. 'तिच्यात काही खोट नाही' इथे मात्र शाई दोनदा फुटली होती, 'खोट'वरची रेघ मध्येच तुटून पुन्हा सुरू झाली होती. हात कापला होता तो तिथे.

मी दाराची कडी लावली. "आई, काहून वो केलं हे?"

आईने सूप खाली ठेवलं. "आपण लांजीले घर पाहाले गेलतो ना? तुम्ही सारे समोर बसले होते. मी हात धुवाले मागं गेली. मोठी सून पाणी घालून राह्यली होती. घालता घालता म्हणे, 'मावशी, इथं पोरगी देऊ नका.' एवढंच बोलली. तेवढ्यात आतून सासूनं हाक मारली, तं तांब्या पडला तिच्या हातून. नुसत्या हाकेनं, शकू. मी सांगतलं बाबूजीले. एकदा नाई, तीनदा सांगतलं. ते म्हणते, बायका तं बोलतच राह्यतात, मी शब्द देऊन बसलो."

"म्हणून स्वतःले वेडी म्हटलं?"

"मंग पमीचं नाव खराब करू? तिचं लग्न व्हायचं आहे अजून." आई म्हणाली. "माझं तं होऊन गेलं."

बाकी कसं केलं ते तिने सांगितलंच नाही, मी जुळवलं. पत्ता तिने बाबूजींच्या पाकिटावरून उतरवला होता. अक्षरं तिने आमच्याच वह्यांमधून उचलली होती, आम्ही शाळेत गेल्यावर. आमच्या वह्या रेघांच्या होत्या. तिला वाटलं, आधी रेघच लागते.

"उद्या मास्तरले उभं करून राह्यले," मी म्हटलं. "काका अर्ज करतीन. नोकरी जाईन त्यांची."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला हे माहीतच नव्हतं. बाहेरच्या खोलीतली बोलणी आत येत नसत, आत फक्त चहाची ऑर्डर येई. "मास्तरचं नाव कोणं घेतलं?" तिने विचारलं.

मी पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत राहिले. तिला उत्तर मिळालं.

"तू?" ती म्हणाली, आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी पमाताईला गाठलं. ती कपडे झटकत होती. मी तिला काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, "ताई, तुले पाहिजे का वो ते लांजीचं स्थळ?" ताईने झटकता झटकता हात थांबवला. "आज पहिल्यांदा कोणी विचारून राह्यलं," ती म्हणाली, आणि पुढचा कपडा उचलला. पाहिजे की नको, ते तिने सांगितलं नाही.

रविवारी दहाच्या सुमारास लांजीचे पाहुणे आले. मुलाचे वडील आणि सोबत चार जण, सतरंजीवर ओळीने बसले. मास्तरांना काकांनी दाराशी उभं केलं होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता. त्यांच्यावर काय आळ आहे ते त्यांना बहुतेक कुणीतरी सांगितलं होतं. मिल त्या दिवशी बंद होती, त्यामुळे सगळं फार स्पष्ट ऐकू येत होतं, अगदी पाहुण्यांच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा.

बाबूजींनी पत्र आणि मास्तरांचा कागद शेजारी शेजारी ठेवले. "ही माझी धाकटी. हिले अक्षर समजते. शकू, सांग."

तीन दिवस मी या क्षणाची उजळणी केली होती, आधी गर्वाने आणि मग भीतीने. एक वाक्य बोललं की मास्तर बुडणार होते, दुसरं बोललं की आई. आणि काहीच बोलले नाही तर उद्या-परवा अर्ज जाणारच होता. ज्या तोंडाने गल्लीतल्या प्रत्येकाचा निकाल लावला होता ते तोंड उघडेना. मी म्हटलं, "उजेड बराबर नाही." सकाळचे दहा वाजले होते. ऊन थेट सतरंजीवर पडलं होतं. एक पाहुणा हसला.

"शकू," बाबूजी म्हणाले, "सांग."

आतून आई आली. हातात चहाचा ट्रे होता. तिने तो खाली ठेवला, पदर सारखा केला आणि सगळ्या पुरुषांच्या मध्ये, मास्तरांच्या कागदापुढे, सतरंजीवर बसली. टाक उचलला. काका म्हणाले, "वहिनी, हे काय?" तिने कागदाच्या डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढली, सावकाश, पार कडेपर्यंत. मग तिच्याखाली एकेक अक्षर लिहायला लागली. आम्ही सगळे ते उलट्या बाजूने वाचत होतो. 'पत्र मी लिहले. मास्तरची चूक नाही.' रेघ बरीच उरली. ती तिने तशीच राहू दिली.

 बाबूजींनी कागद उचलला, पत्राशेजारी धरला, मग पुन्हा आईकडे पाहिलं. पत्राबद्दल ते काही बोललेच नाहीत. त्यांनी विचारलं, "तू कधी शिकली?"

"तुम्ही कचेरीत जात होते तवा."

मुलाचे वडील टोपी सारखी करत म्हणाले, "म्हणजे बाबूसाहेब, पत्रातलं खरंच निघालं. जे बाई आपल्याच पोरीचं लग्न मोडते, तिचं डोकं..."

"हौ," आई म्हणाली. "खरंच आहे ते. वेडीच आहे मी. पोरीच्या सासरी येऊन राहीन आणि तमाशा करीन. आता चहा घ्या, थंडा होऊन राह्यला."

त्यांनी चहा घेतला नाही. पाची जण उठून गेले. काका त्यांच्यामागे हात जोडत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि रस्त्यातच राहिले, परत आत यायला त्यांचं मन होईना. मास्तर अजून दाराशी उभे होते. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाबूजी, मी जाऊ का? वह्या तपासायच्या आहेत." बाबूजींनी मान हलवली. मी त्यांच्यामागे जाऊन पाया पडायला हवं होतं. मी मोरीत जाऊन रडले, तेही स्वतःसाठीच. महिन्याभराने मास्तर खोली सोडून लामत्याच्या शाळेत गेले. जाताना पमाताईला भेटले, बाबूजींना भेटले, मला मात्र नाही. त्यांची माफी मागायची माझी राहून गेली ती गेलीच, आणि हे प्रकरण लिहिल्याने ती फिटत नाही.

लांजीच्या त्या घराबद्दल मला आजही खात्रीचं काही सांगता येणार नाही. तो धाकटा मुलगा मला पुष्कळ वर्षांनी एका लग्नात दिसला होता. पंगतीत बायकोच्या पानावरचं मीठ हाताने सारखं करत होता, बायको हसत होती. चांगला असेल. त्याची मोठी वहिनी मात्र त्या लग्नात कुणालाच दिसली नाही, आणि विचारलं तर लोक दुसरंच काही बोलायला लागले. पमाताईचं लग्न पुढच्या वर्षी लालबर्ऱ्याच्या घरात झालं, तिला आधी विचारून.

आता बाबूजींचं. ते आठ दिवस आईशी बोलले नाहीत. जेवायला यायचे, पाटावर बसायचे, वाढलेलं खायचे, उठायचे. खिशातून चिठ्ठ्या काढणंही बंद झालं. माझं पिवळं पुस्तक आईने चुलीपुढे ठेवून दिलं. तिथून ते कधी गेलं मी विचारलं नाही. घरात एवढी शांतता होती की ताई आणि मी मिलची धडधड सुरू व्हायची वाट पाहायचो. नवव्या दिवशी तिवडीहून आईच्या भावाचं पत्र आलं. अशी पत्रं बाबूजी मोठ्याने वाचायचे आणि उत्तरही तेच लिहायचे. 'तुझी बहीण खुशाल आहे, काळजी नसावी,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी त्यांनी पत्र उघडलं नाही. तसंच आणून सैपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलं, वर एक कोरं पोस्टकार्ड आणि आपला टाक.

"तुझ्या भावाले तूच लिही," ते म्हणाले. नऊ दिवसांतलं पहिलं वाक्य.

आईने हात पुसले. पत्र घेतलं, उघडलं, ओठ हलवत वाचलं. मग पोस्टकार्ड पाटावर ठेवलं आणि टाक हातात घेतला. बाबूजी दाराशी उभेच होते. आईने थोडा वेळ वाट पाहिली. मग मान वर न करता म्हणाली, "अजी, बाहेर बसा जरा. कोणी पाहत असलं तं मले लिहता येत नाई."

बाबूजी ओट्यावर जाऊन बसले.